परदेशातील विद्यार्थी आणि त्याची भाकर

बेसा हे काल-परवापर्यंत नागपूरच्या दक्षिणेचे एक खेडे होते. आज तेथे घरांच्या रांगा उभ्या आहेत, आणि कित्येक घरांतून मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकावयास गेलेली आढळते. प्रवेश मिळाला, पैशांची सोय झाली, की आईबापांना गंगेत घोडे न्हाल्यासारखे वाटते. परंतु परक्या मुलखात विद्यार्थ्याचा निभाव कशावर लागतो, याचे उत्तर आम्हांस आपल्याच भागातील एका चरित्रात सापडते. ते चरित्र डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे.

१८८४ साली वर्ध्यास जन्मलेले व नागपुरात शिकलेले खानखोजे १९०७ च्या सुमारास जपानमार्गे अमेरिकेस पोहोचले. क्रांतीची तयारी व शेतकीचे शिक्षण, असे दोन हेतू त्यांच्या मनात होते. बर्कले आणि ऑरेगॉन येथे शिकून १९१३ साली त्यांनी वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून शेतकीची उच्च पदवी घेतली. शिकत असता मजुरी करून त्यांनी पोट भरले. त्या किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत व मळ्यांत राबणारे पंजाबी लोक पुष्कळ होते. हिंदी विद्यार्थ्यांना तोच शेजार आणि तोच आधार. बटाट्याच्या शेतीवर पुढे आलेल्या ज्वालासिंग यांनी तर १९१२ साली गुरु गोविंदसिंगांच्या नावे शिष्यवृत्त्या ठेवून हिंदी विद्यार्थ्यांच्या बर्कले येथील शिक्षणाची सोय केली. घामाचा पैसा विद्येला लागला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

पण पदवी हाती आली म्हणजे काम मिळतेच असे नाही. १९१७ च्या कायद्याने अमेरिकेने हिंदी लोकांना आपले दार लावून घेतले आणि १९२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्वास अपात्र ठरविले. विद्या दिली, पण वसू दिले नाही!

दरम्यान खानखोजे महायुद्धाच्या काळात इराणात इंग्रजांशी लढले, पुढे युरोपात राहिले. त्यांच्या विद्येचे चीज झाले ते मेक्सिकोत. बर्कलेच्या दिवसांतील मेक्सिकन स्नेह्यांची ओळख येथे कामी आली, आणि १९२४ साली चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांना अध्यापकाची जागा मिळाली. त्यांनी मक्याच्या नव्या वाणांवर काम केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात भाकर वाटताना रंगविले. ज्या देशाने परक्याला काम दिले, त्या देशाला त्याने धान्य दिले. स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले, नागपुरास स्थायिक झाले व १९६७ साली येथेच निवर्तले.

या चरित्रातून आम्ही एवढेच घेतो : शिकत असता पोटाला काम, अडीअडचणीस धावणारा शेजार, आणि शिक्षण संपल्यावर विद्येला साजेशी जागा मिळवून देणारी ओळख, या तिन्ही गोष्टी विद्यार्थ्यास लागतात. नुसत्या प्रवेशपत्राने त्या येत नाहीत.

आपल्याकडेही १९५० साली स्थापन झालेल्या भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिका-आशियातील तरुण शिकावयास येतात. अशा एखाद्याने उद्या आपल्या दारी भाड्याची खोली मागितली, तर आपण त्याचा वर्ण न्याहाळीत बसणार, की आपलाही एक मुलगा असाच कोणाच्या तरी दारी उभा आहे हे आठवणार? त्याला खोली द्यावी, सणाला पानावर बसवावे, आणि कारखान्यात वा दवाखान्यात आपली ओळख असेल तर दोन शब्द सांगावे. खानखोज्यांच्या नागपूरकरांना हे जड जाऊ नये.