खिळा, शिळा आणि व्याख्यानपीठ

१८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतील तरुण विद्यार्थ्यांनी मुंबईत उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा स्थापन केली, तेथे निबंध वाचले जाऊ लागले आणि १८५० पासून तेच निबंध ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाच्या द्वारे घरोघर पोहोचू लागले. पुढे १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. व्याख्यानपीठ आणि छापखाना यांचे साहचर्य आपल्याकडे इतके जुने असूनही, ज्या मुद्रणकलेच्या आधारावर हा सारा ज्ञानव्यवहार उभा राहिला त्या कलेचा इतिहास व्याख्यानाचा विषय म्हणून क्वचितच निवडला जातो, याची खंत वाटते.

हा इतिहास वास्तविक विलक्षण रोचक आहे. अबिसीनियाकडे जाण्यासाठी निघालेला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि तेथेच राहिला. परंतु फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले तेव्हा त्या रसाळ मराठी ओव्यांना रोमन लिपीचा वेश घ्यावा लागला. यंत्र आले, कागद आला, भाषाही सिद्ध होती. नव्हता तो देवनागरी अक्षराचा खिळा, म्हणजे छापण्यासाठी धातूत ओतलेले अक्षर. सुरतेच्या भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे आग्रह धरून १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक विलायतेहून आणवला, तेव्हाही हीच अडचण पुढे आली: हिल्स यास छापता येत होते, पण अक्षरे कोरता येत नव्हती. स्वदेशी ग्रंथ छापावेत हा भीमजींचा मनोरथ अखेर त्या एका हुन्नराच्या अभावी अपुरा राहिला.

पेशवाईच्या उत्तरकाळी नाना फडणीस यांनी भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून छापण्याचा संकल्प केला. त्यांच्या पश्चात ते पत्रे कोरणारा कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ मध्ये तेथे गीता छापली गेली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. त्या छापखान्यातील खिळ्यांच्या कामाचा पाया पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने घातला होता. पुढे १८१० मध्ये कॅरे यांचा मराठी कोश मोडी खिळ्यांत अवतरला, कारण त्या काळी मराठी मुलखातील दप्तर आणि पत्रव्यवहार मोडीतच चालत असे.

तथापि मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना माझे मन ज्यांच्यापाशी अधिक रेंगाळते ते गणपत कृष्णाजी होत. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम त्यांनी डोळसपणे पाहिले, घरी स्वतःच्या हाताने एक लहानसे लाकडी यंत्र तयार केले, शिळाछापाचे प्रयोग केले, शाईही स्वतः बनवली, आणि १८३१ मध्ये छापील पंचांग काढले. छापण्याच्या शाईत चरबी असते या शंकेने छापील पोथीला न शिवणाऱ्या मंडळींसाठी त्यांनी शाईत तुपाचा उपयोग केला, असे सांगतात. परधर्मीयांच्या छापखान्यात शिकलेली कला एका पाटील आडनावाच्या भंडारी गृहस्थाने आत्मसात करून ती सनातनी घरांच्या देव्हाऱ्यापर्यंत नेली, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात फार मोठी आहे. तिला आजवर मिळालेली जागा मात्र फार थोडी आहे.

खिळ्यांनी देवनागरी छापण्याची अडचण मात्र शिळाछापाने सुटण्यासारखी नव्हती. अक्षराच्या वर मात्रा व वेलांटी, खाली उकार, शिवाय जोडाक्षरे. प्रत्येक रूपासाठी अखंड खिळा ओतावयाचा म्हटला तर जुळाऱ्यापुढे शेकडो खिळ्यांचा पसारा मांडावा लागे. यास्तव वरची व खालची चिन्हे स्वतंत्र ओतून मूळ अक्षराशी जुळवण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी लहान व सुबक अक्षरे घडवली. त्याच छापखान्यात बालवयात दरमहा दोन रुपयांवर खिळे घासण्याचे काम करणाऱ्या जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना स्थापन केला, आणि राणोजी रावजी आरू या कुशल मित्राच्या हातून असे ठसे कोरवून घेतले की निर्णयसागरी अक्षराची कीर्ती साऱ्या देशात पसरली. १८८६ पासून तेथून निघू लागलेली ‘काव्यमाला’ संस्कृताच्या अभ्यासकांस आजही आधारभूत वाटते. तिच्या संपादकांचे स्मरण विद्वान ठेवतात. आरूंचे नाव मात्र किती जणांस ठाऊक आहे?

या विषयाचे साधार संशोधन अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात करून ठेवले आहे. तेव्हा साधनांचा अभाव ही सबब कोणास सांगता येणार नाही. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि मुंबईचे १८९८ पासून ग्रंथांची जपणूक करीत आहे. गावोगावी लहानमोठी वाचनालये आहेत. हाताने खिळे जुळवणारे वृद्ध जुळारी अद्याप आपल्यात आहेत, परंतु त्यांचे खण, पट्ट्या आणि ठसे भंगाराच्या भावाने विकले गेले व जात आहेत. म्हणून ग्रंथालयांच्या चालकांस माझी विनंती आहे की, वर्षातून निदान एक व्याख्यान त्यांनी या विषयासाठी राखून ठेवावे, त्यास प्रवेशमूल्य ठेवू नये, जुने ग्रंथ कपाटातून बाहेर काढून श्रोत्यांच्या हाती द्यावेत, आणि व्यासपीठावर प्राध्यापकाच्या शेजारी एका जुळाऱ्यासही सन्मानाने बसवावे.