समासातला वाचक

लालबागच्या ज्या वाचनालयात मी शाळकरी वयात जात असे, तिथे कादंबऱ्यांना खाकी कागदाचे कव्हर असे आणि आतल्या पानावर तारखांचे शिक्के मारलेला कागद चिकटवलेला असे. वर्गणी वडिलांच्या नावावर, पुस्तक बदलून आणायचे काम माझ्याकडे. वहीत नोंद वडिलांची होई. पुस्तक मात्र आई, आत्या आणि मी अशा तिघींच्या हातांतून फिरून परत जाई. प्रेमकथांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे असत. कुणी नायकाला मूर्ख ठरवलेले असे, त्याखाली कुणी शेरा मारणाऱ्यालाच दटावलेले असे, आणि तिसऱ्या हस्ताक्षरात पुस्तकावर लिहू नये अशी सूचना, तीही पुस्तकावरच!

कोवळ्या वयातल्या प्रेमकथांविषयी मराठी वाचकांची मते गोळा करायला बसले, तेव्हा हे समास आठवले. छापील साधनांत मतांची वाण नाही. पण ती कुणाची आहेत हे पाहू लागले, की परीक्षक, प्राध्यापक, संपादक, वकील आणि न्यायाधीश भेटतात. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकावर, विशेषतः वाचक मुलीवर, या पुस्तकांचा काय परिणाम होईल याची काळजी सर्वांनी केली. त्या मुलीचे स्वतःचे मत मात्र क्वचितच सापडते.

1933 साली ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले. शिकलेल्या, वयात आलेल्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्या कथांत त्यांच्याच बाजूने सांगितलेले होते. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. पुस्तकाने खळबळ उडवली आणि चर्चा पुस्तकापेक्षा नावाचीच अधिक झाली : ही बाई कोण? की बाईच्या नावाआड पुरुष? त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, हे उघड व्हायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. मुलींच्या मनातले लिहिणाऱ्या सुशिक्षित बाईलाही टोपणनाव घ्यावे लागत होते. मग वाचनालयातल्या मुलीने पेन्सिल वापरली आणि खाली नाव लिहिले नाही, यात नवल ते काय?

दुसरा प्रसंग थेट दिवाळी अंकातलाच आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक मुंबईतून काढला तो 1909 साली. त्यानंतर अर्धशतक उलटले, आणि 1962 च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ छापून आली. एक कवी आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तिघी, असा तिचा विषय. पुण्याच्या न्यायालयात अश्लीलतेची फिर्याद झाली. दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाने दोषी ठरवून दंड केला. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले.

या खटल्याच्या आधी, 1964 साली, याच न्यायालयाने मुंबईतले पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांची शिक्षा कायम केली होती. पुस्तक होते लॉरेन्सचे ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’. तिथे 1868 च्या इंग्रजी निवाड्याची कसोटी लावली गेली : ज्याचे मन बिघडू शकते अशा कुणाच्या हाती हे पुस्तक पडले तर काय होईल? म्हणजे खटला चालतो लेखकावर किंवा विक्रेत्यावर, आणि पिंजऱ्याबाहेर एक काल्पनिक वाचक उभा असतो. त्याला साक्षीला कुणी बोलावत नाही.

25 ऑगस्ट 1969 रोजी ‘श्यामा’चा निकाल लागला. न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालपत्रात या वाचकाचा विचार जरा वेगळ्या सुरात आहे. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत. स्त्री-पुरुष संबंधांचा नुसता उल्लेख आला म्हणून पुस्तक किशोरवयीनांना अयोग्य ठरवायचे, तर त्यांना केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असा त्याचा आशय. काकोडकर सुटले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्या ‘नीलांबरी’वर आधारलेला ‘दो रास्ते’ हिंदी पडद्यावर आला. निकाल मला उदार वाटतो. तरीही वाचणाऱ्या मुलांची बाजू मोठ्यांनीच मांडली होती, हेही खरे.

असे व्हायलाच हवे होते असे नाही. 1968 मध्ये जपानमध्ये ‘शोनेन जम्प’ हे मुलांचे चित्रकथा नियतकालिक सुरू झाले. त्याच्या अंकासोबत पोस्टकार्ड असे. वाचक मुलाने आवडलेल्या तीन कथा त्यावर कळवायच्या, आणि कोणती मालिका चालू ठेवायची, कोणती गुंडाळायची हे ठरवताना संपादक त्या मतांना मोठे वजन देत. त्यामागे धंद्याचे गणित होते हे उघड आहे. पण शाळकरी वाचकाला मत असते, आणि ते मोजता येते, हे तिथे गृहीत धरले गेले. आपल्याकडे त्याच सुमारास हा वाचक न्यायालयात चर्चेचा विषय होता.

2004 मध्ये गिरगावातल्या खटाववाडीच्या मौज प्रकाशनाने मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ काढली. आणीबाणीचा काळ, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याला आवडणारी शिरोडकर. शाळेतल्या प्रेमाकडे इथे कुणी मोठा माणूस वरून पाहत नाही. मुकुंदच त्याच्या भाषेत सांगतो. सुजय डहाके यांच्या चित्रपटाने तिला आणखी प्रेक्षक मिळवून दिले. कादंबरी आवडल्याचे सांगणारे पुष्कळ भेटले. त्यातले पुरुष बहुधा आपल्या वर्गातल्या ‘शिरोडकर’विषयी बोलू लागत. माझ्या वयाच्या मैत्रिणी मात्र पुस्तक मिटल्यावर एकच विचारत : तिला काय वाटत होते? निवेदन मुकुंदचे असल्यामुळे तिचे मन आपल्याला त्याच्या नजरेतूनच दिसते. हा कादंबरीचा दोष नव्हे. नववीतला मुलगा एवढेच पाहू शकतो, हेच तिचे खरेपण आहे. पण मैत्रिणींचा तो प्रश्न मला कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाचा वाटतो. 1933 पासून जी वाचक नुसती ऐकून घेत होती, ती यात प्रश्न विचारते आहे.

आता गिरगाव-दादरच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जातात, वाचनालयांच्या जागा आक्रसतात, आणि पुस्तके निवडून काढली जातात. नियम साधा असतो : चांगली प्रत ठेवायची, फाटकी रद्दीत. साहित्याच्या इतिहासासाठी तो बरोबर असेल. वाचकांच्या इतिहासासाठी तो नेमका उलटा आहे. जी प्रत शंभर हातांतून गेली, जिची शिवण सुटली आणि समास पेन्सिलीने भरले, तीच आधी जाते. मुलींची नावे नोंदवहीत नव्हती. त्यांची मते जी काही होती, ती या समासांत होती.

ग्रंथपालांना म्हणून एक विनंती. फडके, काकोडकर यांच्या कादंबऱ्या बाद करताना एकेक मळकी प्रतही बाजूला ठेवा. कपाटाचा एक खण पुरेल. माझे वाचनालय बंद झाले तेव्हा तिथली पुस्तके वजनावर गेली. आत्या आणि मी एका नायिकेवरून समासात घातलेला वाद त्यांतच गेला. त्यात शेवटचा शेरा कुणाचा होता, हे आता आम्हां दोघींनाही आठवत नाही.