चिनी शाही फुलदाण्या : सोन्यातून फुललेला गुलाबी रंग

लोणच्याच्या बरणीमुळे 'चिनी माती' हा शब्द मराठी घरांत रुळला. या मातीच्या कलेचे वैभवशाली रूप म्हणजे छिंग राजवंशाच्या सम्राटांसाठी घडवलेल्या, मीनाकारीच्या फुलांनी नटलेल्या फुलदाण्या होत.

या पात्रांचे मुख्य केंद्र जिआंगशी प्रांतातील चिंगदेचन हे नगर. येथील शुभ्र पात्र प्रथम सुमारे १३०० अंश सेल्सिअस तापमानात भाजले जाई. त्यानंतर झिलईवर काचमिश्रित रंगांनी चित्रे काढून ते कमी आचेच्या भट्टीत पुन्हा भाजले जाई. दुसऱ्या भाजणीत आच चुकली, तर पहिले सारे श्रम वाया जात. काँगशी सम्राटाच्या (१६६१ ते १७२२) अखेरच्या वर्षांत सोन्याच्या सूक्ष्म कणांपासून मिळणारा गुलाबी रंग प्रचारात आला. त्यामागे युरोपीय मीनाकारीची प्रेरणा होती. त्यात अपारदर्शक पांढरा रंग मिसळल्याने पाकळीवरील फिक्या-गडद छटा दाखवणे शक्य झाले. काही निवडक कोरी पात्रे चिंगदेचनहून बीजिंगला नेऊन राजवाड्यातील कार्यशाळेत रंगवली जात. युंगचेंग (१७२३ ते १७३५) व छ्येनलुंग (१७३६ ते १७९५) यांच्या काळात ही कला कळसाला पोहोचली.

फुलांची निवड केवळ शोभेसाठी नसे. पिओनी समृद्धीचे, कमळ पावित्र्याचे, तर शेवंती दीर्घायुष्याचे प्रतीक मानली जाई.

शाही पात्राच्या तळाशी बहुधा सम्राटाच्या कारकिर्दीची मुद्रा असते. परंतु केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे ठरते. पूर्वजांविषयीच्या आदरापोटी जुन्या मुद्रा नव्या पात्रांवर उमटवण्याची प्रथा चीनमध्ये होतीच. पुढे विसाव्या शतकात छ्येनलुंगच्या मुद्रेची पात्रे बाजारासाठीही बनली. त्यामुळे जाणकार मातीचा पोत, तळाच्या कडेची घडण, रंगांचा थर आणि कुंचल्याची सफाई एकत्रित पारखतात. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, याची नोंदही तितकीच मोलाची असते. कारण १८६० मध्ये ब्रिटिश व फ्रेंच सैन्याने बीजिंगचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि तेथील असंख्य वस्तू जगभर विखुरल्या.

चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी घराण्यांमुळे मुंबईलाही चिनी कलावस्तूंची ओळख झाली. सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील अशा वस्तू मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाला लाभल्या आहेत. या कलेची नजर घडवण्यासाठी मराठी रसिकाला बीजिंगपर्यंत जाण्याची गरज नाही.