बिघडलेली तबकडी आणि कुळाची नोंद

जव्हार संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यात राहिले आणि २०१४ साली पालघर जिल्ह्यात आले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. परंतु तेथल्या वारली, कोकणा, कातकरी शेतकऱ्याचा प्रश्न एकच राहिला : माझ्या नावाची नोंद कोठे आहे?

ही नोंद पूर्वी दप्तराच्या रुमालात बांधलेली असे. आज ती संगणकात असते. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. म्हणून संगणकाची तबकडी बिघडली तर काय होते, हे कुळानेही समजून घ्यावयास हवे.

१९५६ साली आय.बी.एम. कंपनीने अशी पहिली यंत्रणा काढली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सारी मिळून ५० लाख अक्षरे मावत. तबकडीवर अक्षरे चुंबकीय खुणांनी उमटतात. वाचणारे टोक तिला न टेकता, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगते. धक्का बसला की ते घासते. घासून गेलेला मजकूर कोणालाही परत आणता येत नाही. पुसलेल्या मजकुराचे मात्र तसे नाही. तेथे बहुधा अनुक्रमणिकेतली नोंदच जाते. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ पान शाबूत असते. यास्तव जाणता कारागीर प्रथम लिहिणे थांबवतो, तबकडीची हुबेहूब नक्कल काढतो आणि दुरुस्ती नकलेवर करतो.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. पाच माणसे दगावली, वरचे मजले जळाले. ज्या कागदांची प्रत अन्यत्र होती, तेवढेच पुन्हा उभे करता येण्याजोगे उरले.

कामगारांच्या खटल्यांत आम्ही हेच पाहत आलो. हजेरीपट गहाळ झाला की नुकसान मजुराचे होते, मालकाचे नव्हे.

वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याच्या नियमांनी सरकारी कागदांबरोबर गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून मानले. म्हाताऱ्याची आठवण हीदेखील एक तबकडीच होय. पण ती माणसाबरोबर जाते आणि तिची दुरुस्ती करणारा कारागीर नाही. तेव्हा तो हयात आहे तोवर त्याचे सांगणे लिहून घ्यावे, दाव्याची पोचपावती जपावी, एक प्रत घरात आणि एक ग्रामसभेच्या दप्तरात ठेवावी. नोंद ज्याच्या पोटाची, तिची दुसरी प्रत त्याच्या हाती असलीच पाहिजे.