ट्रॉलीवरचे दोन नंबर : खानदेशातील ट्रॅक्टर, ट्रेलर आणि कायद्याचा जुना पेच

कापसाच्या हंगामात पारोळा-एरंडोलच्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीकडे कधी नीट पाहिले आहे? कायद्याप्रमाणे तिच्यावर दोन नंबर हवेत. तिच्या बाजूवर तिचा स्वतःचा, आणि पाठीवर तिला ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा. धुळ्याचा असेल तर एमएच-१८, जळगावचा असेल तर एमएच-१९. एकामागे एक दोन ट्रॉल्या जोडल्या असतील, तर ट्रॅक्टरचा नंबर शेवटच्या ट्रॉलीवर. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ६१ हेच सांगते. प्रत्यक्षात किती ट्रॉल्यांवर हे दोन्ही नंबर वाचता येतात, हे महामार्गावरून जाणारा कोणीही सांगेल.

या दोन नंबरांमागे एक जुना प्रश्न दडलेला आहे. स्वतःचे इंजिन नसलेले वाहन दुसऱ्या वाहनाला जोडले, की पुढचे वाहन तेच राहते की त्याची जात बदलते? शेतकऱ्याच्या खासगी वाहनाचे, निव्वळ एका हुकामुळे, मालवाहू वाहन होते का? आणि झाले, तर चालवणाऱ्याच्या खिशातला परवाना खरा की खोटा?

बैलगाडीच्या काळात हा प्रश्न नव्हता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे मुख्य ठिकाण केले. पुढे मुंबई-आग्रा रस्ता बांधला गेला, भुसावळमार्गे लोहमार्ग आला, १९०० मध्ये चाळीसगाव-धुळे फाटा सुरू झाला. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. तेच पुढचे जळगाव आणि धुळे. या साऱ्या काळात कापूस जिनापर्यंत आणि केळी सावदा, निंभोरा, रावेरच्या स्थानकांपर्यंत पोचवली ती बैलांनी. ओढणारा बैल वेगळा आणि भार वाहणारी गाडी वेगळी, हे इतके उघड होते की त्यांचे नाते ठरवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

मोटारीने मात्र ओढणारा आणि वाहणारा एकाच सांगाड्यात आणले. १९१४ चा पहिला अखिल भारतीय मोटार कायदा याच कल्पनेवर उभा होता आणि तपशिलाचे नियम त्याने प्रांतांवर सोपवले होते. १९३९ च्या कायद्याने मात्र ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलर घातला. इंजिन नसलेला लोखंडी साटाही आता ‘मोटार वाहन’ ठरला. वाचायला हे विनोदी वाटते, पण हेतू व्यवहारी होता : ट्रेलरला नोंदणी हवी, नंबर हवा, जबाबदार मालक हवा. त्याच कायद्याने एक सवलतही ठेवली. मर्यादित आसनांच्या प्रवासी मोटारीमागे भाड्याचा माल नसलेला ट्रेलर ओढायचा असेल, तर वाहतुकीचे परमिट लागत नव्हते. साहेबाच्या मोटारीमागचे सामान त्यातून सुटले. ट्रॅक्टरची व्याख्याही याच कायद्यात आली : जो स्वतः भार वाहण्यासाठी बांधलेला नाही, तो ट्रॅक्टर.

ही व्याख्या करणाऱ्यांसमोर खानदेशचा शेतकरी असणे शक्यच नव्हते. भारतात ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले ते १९५९ च्या सुमारास, फरिदाबादेत आयशरकडून. १९६० च्या दशकात महिंद्र आणि इतर कारखाने आले. तापीकाठच्या काळ्या जमिनीत नांगराला ट्रॅक्टर आला खरा, पण नांगरणी वर्षातून मोजके दिवस चालते. उरलेल्या काळात तो ट्रॉलीला जुंपला गेला : केळीचे घड, कपाशीचे गंज, खत, विटा, गिरणेच्या पात्रातली वाळू. स्वतः भार न वाहणारे यंत्र गावातले सर्वांत मोठे भारवाहक झाले, आणि कायद्याची खरी अडचण इथून सुरू झाली.

१ जुलै १९८९ पासून १९८८ चा अधिनियम अमलात आला. खासगी वाहन चालवायला वय १८ पुरते. मालवाहतुकीचे किंवा प्रवासी वाहतुकीचे, म्हणजे ‘परिवहन’ वाहन चालवायला २० लागते, आणि त्यासाठी परवान्यावर तशी स्वतंत्र नोंदही हवी, असे परिवहन कार्यालये आणि विमा कंपन्या धरून चालत. म्हणजे चोपड्याच्या एखाद्या १९ वर्षांच्या मुलाने वडिलांचा ट्रॅक्टर नुसता चालवला तर तो कायदेशीर. मागे ट्रॉली लावून तो परिवहन वाहन झाला असे मानले, तर त्याच रस्त्यावर तोच मुलगा विनापरवाना.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनी यावर तोडगा काढला. शेतीचा ट्रॅक्टर हे परिवहन वाहन नव्हे, असे व्याख्येतच लिहिले. शेतीचा ट्रेलर म्हणजे अशा ट्रॅक्टरला हुकाने जोडलेला, बहुधा उघडा, ‘प्रामुख्याने’ शेतमाल वाहणारा. गेल्या काही दशकांतील खटल्यांची मोठी रास या ‘प्रामुख्याने’ शब्दावर रचलेली आहे. सोमवारी केळी आणि मंगळवारी भाड्याने विटा वाहणाऱ्या ट्रॉलीला काय म्हणायचे?

इथे युरोपशी तुलना उद्बोधक ठरते. तिकडे मोटारीमागे ट्रेलर ओढण्याचा प्रश्न वजनावर सोडवला जातो. साध्या परवान्यावर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर, त्यापुढे बहुधा वेगळी पात्रता. ब्रिटनने तर १६ डिसेंबर २०२१ पासून ती वेगळी चाचणीच काढून टाकली आणि साध्या मोटार परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढू दिला. भारतीय कायदाही वजन मोजतो, परंतु आधी विचारतो : माल कोणाचा, आणि भाडे घेतले का? तराजूवर उत्तर मिळते. हेतूवर मात्र साक्षीपुरावे लागतात.

एक घोटाळा इथेच टाळलेला बरा. बंद पडलेली मोटार दोरीने ओढणे म्हणजे ट्रेलर ओढणे नव्हे. १९८९ च्या रस्ता-नियमांत त्यासाठी निराळी शिस्त होती : दोन वाहनांतले अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २४ किलोमीटरच्या आत, आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या पाठीवर ‘ऑन टो’ अशी किमान ७५ मिलिमीटर उंचीची अक्षरे. नोंदणी झालेल्या ट्रेलरला ही वेगमर्यादा नव्हती.

परवान्याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तो बहुतेक वेळा अपघातानंतर, विमा कंपनीने हात वर केल्यावर. २००१ मध्ये न्यायालयाने म्हटले की ज्याच्याकडे ट्रॅक्टरचा किंवा मोटारीचा वैध परवाना आहे, त्याचा परवाना मागे ट्रेलर जोडून त्यात माल भरल्याने बाद होत नाही. खासगी मोटारवाल्यांनाही हा निकाल तितकाच लागू पडणारा होता. २००५ मध्ये मात्र परमिटच्या एका वादात त्याच न्यायालयाने ठरवले की ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून मालवाहू वाहन होते. दोन्ही निकाल आपापल्या जागी तर्कशुद्ध होते, पण तालुक्याच्या वकिलाला अशिलाला काय सांगावे हे कळेना.

१९९४ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाची मर्यादा ६,००० वरून ७,५०० किलोवर नेली होती. ट्रॅक्टरच्या बाबतीत हे वजन रिकाम्या वाहनाचे धरतात. त्याच्या आधारे २०१७ मध्ये, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम करताना, न्यायालयाने सांगितले की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला त्याच मर्यादेतील परिवहन वाहन चालवायला वेगळी नोंद लागत नाही. चालकाच्या खिशातल्या परवान्याचा पेच सुटला.

ट्रॉलीत बसलेल्यांचा सुटला नाही. वेचणीला निघालेल्या बाया, केळी कापणारे मजूर, लग्नाचे वऱ्हाड, सारे याच ट्रॉलीतून जातात, आणि कायद्याच्या दृष्टीने त्या साट्यात माणसासाठी आसनच नाही. २००७ मध्ये अशाच एका मजुराचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला. वीटभट्टीच्या मातीकामावर निघालेला तो माणूस ट्रॉलीत बसून जात असताना जखमी झाला होता. ट्रॅक्टरचा विमा फक्त शेतीकामापुरता होता, म्हणून कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आणि तरीही आपला विशेष अधिकार वापरून आदेश दिला की कंपनीने आधी मजुराला भरपाई द्यावी, नंतर ती ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावी.