वाटेवरचा क्रूस: दगडावरचं साल काय सांगतं?

भंडाऱ्याकडच्या गावांत मातामायचं ठाणं कशासाठी असतं, हे आपल्याला माहीत आहे. देवीची किंवा पटकीची साथ आली की गाव तिथे जमायचं. आज आपण अशाच एका ठिकाणाचा इतिहास पाहू. फक्त ते मुंबईतल्या वांद्र्याचं आहे आणि कॅथलिक आहे. रस्त्याच्या कडेला, घराच्या फाटकाशी, कधी दुकानांच्या मध्ये उभा असलेला दगडी क्रूस.

आधी माणसं पाहू. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. तिथल्या शेतकरी, कोळी कुटुंबांपैकी अनेकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज गेले. ही माणसं मात्र आपल्याच गावांत राहिली. त्यांची घरची बोली मराठीचीच. पुढे ती ‘ईस्ट इंडियन’ म्हणवू लागली.

आता साथीकडे येऊ. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतली; फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना उचलून नेलं जाऊ लागलं. अशा वेळी रणवार, पाली, चुईम यांसारख्या पाड्यांतले लोक आपल्या दाराशीच क्रूस उभारून रोझरी म्हणू लागले, असं आजही सांगितलं जातं. पाद्री नसला तरी चालायचं. दिवाबत्ती, हार, रंगरंगोटी, सगळं आळीनेच करायचं.

पण इथे थोडं थांबू या. प्रत्येक क्रूस प्लेगचाच, असं म्हणून चालेल का? वांद्र्याच्या बाजार रोडवरचा क्रूस १८९५ चा. म्हणजे साथीच्या आदल्या वर्षीचा! तेव्हा नवसाचे, आठवणीचे, वेशीचे क्रूस प्लेगच्या आधीही होते. साथीने त्या जुन्या रिवाजाला जोर दिला, इतकंच आपण खात्रीने म्हणू शकतो. तोंडी आठवण खोटी नसते, पण ती सगळ्या क्रूसांना एकाच गोष्टीत गुंफते. म्हणून दगडावरचं साल आधी वाचायचं.

आणि हे साल केवळ अभ्यासकांच्या कामाचं नाही. सार्वजनिक रस्त्यांवरच्या अनधिकृत धार्मिक बांधकामांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आदेश दिला. नवी बांधकामं थांबवणं आणि जुन्यांचा एकेक करून विचार करणं, हा त्याचा गाभा. रस्ता मोकळा हवा, हे खरंच आहे. पण एप्रिल २०१७ मध्ये महापालिकेने बाजार रोडवरचा तोच १८९५ चा क्रूस पाडला. तो खासगी जागेत असल्याचं रहिवाशांचं म्हणणं होतं.

अडचण कुठे येते पाहा. चर्चचं दप्तर असतं, बाप्तिस्म्याची नोंदवही असते. आळीने वर्गणी काढून उभारलेल्या क्रूसाचा कागद बहुधा नसतोच. त्याचा पुरावा म्हणजे चौथऱ्यावर कोरलेलं साल आणि मे महिन्यात तिथे जमून प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटणारी माणसं. त्या सालावर रंगाचे थर चढतात, टाइल बसते, आणि पुरावा आपल्याच हातून झाकला जातो. तेव्हा पुढची रंगरंगोटी करण्याआधी अक्षरांचा फोटो काढा, घरातल्या वडीलधाऱ्यांची आठवण तारखेसह लिहून ठेवा. मातामायच्या ठाण्यालाही हेच लागू आहे, मंडळी.