डिकीचे अस्तर (संकरित एसयूव्ही)

डिकीचे अस्तर हे मोटारीच्या मागील सामानकक्षाच्या तळावर अंथरले जाणारे, काढता-घालता येणारे आवरण होय. कार्गो लायनर, बूट मॅट व डिकी मॅट या नावांनीही ते ओळखले जाते. मूळ गालिच्याचे पाणी, चिखल, तेल आणि ओरखडे यांपासून रक्षण करणे हा त्याचा हेतू असतो. साध्या पेट्रोल मोटारीत अस्तराची निवड हा प्रामुख्याने माप व साहित्य यांचा प्रश्न आहे. संकरित आलिशान एसयूव्हीत मात्र डिकीच्या तळाखाली किंवा तिच्या लगत बॅटरी, विद्युत्तारा व चार्जिंगची सामग्री असू शकते. त्यामुळे एकाच नावाच्या मोटारीच्या पेट्रोल व संकरित आवृत्त्यांना वेगवेगळी अस्तरे लागू शकतात, आणि चुकीच्या अस्तराचे परिणाम केवळ दिसण्यापुरते राहत नाहीत.

नाव

भारतात सामानकक्षाला सर्रास ‘डिकी’ म्हणतात. जुन्या दोन आसनी मोटारींच्या पाठीमागे उघडणाऱ्या जादा आसनाला इंग्रजीत ‘डिकी सीट’ म्हणत. ते आसन गेले, शब्द उरला. ब्रिटनमध्ये याच जागेला ‘बूट’ आणि अमेरिकेत ‘ट्रंक’ किंवा एसयूव्हीच्या संदर्भात ‘कार्गो एरिया’ म्हणतात. ‘कार्गो लायनर’ हे नाव त्यातूनच आले आहे. परदेशी विक्रेत्यांच्या सूचीत शोध घेताना ही तिन्ही नावे ठाऊक असणे उपयोगाचे ठरते.

संकरित एसयूव्हीतील डिकीची रचना

लेक्सस या जपानी कंपनीची आरएक्स ४०० एच ही २००५ साली अमेरिकेत विक्रीस आलेली मोटार आलिशान वर्गातील पहिली संकरित एसयूव्ही मानली जाते. तिची २८८ व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी मागच्या आसनाखाली बसवली होती, त्यामुळे डिकीची जागा फारशी घटली नाही. बाहेरून चार्ज करता येणाऱ्या, म्हणजे प्लग-इन संकरित मोटारींची बॅटरी बरीच मोठी असल्याने तेथे जागेचा प्रश्न बिकट होतो. बीएमडब्ल्यू एक्स५ च्या चौथ्या पिढीत साध्या आवृत्तीची डिकी सुमारे ६५० लिटरची आहे, तर एक्सड्राइव्ह ४५ई या प्लग-इन आवृत्तीची ५०० लिटरची. हा फरक तळाच्या उंचीतून आलेला आहे. काही प्लग-इन मोटारींत बॅटरीमुळे डिकीच्या तळाला पायरी येते. सपाट तळासाठी साच्यातून काढलेले अस्तर अशा पायरीवर अधांतरी राहते, आणि वर जड सामान ठेवले की तेथेच चिरते. याउलट व्होल्वो एक्ससी९० टी८ मध्ये बॅटरी मोटारीच्या मध्यभागातील लांबट पोकळीत ठेवली असल्याने डिकीच्या तळाला अशी पायरी पडत नाही. ‘संकरित मोटारीचे अस्तर’ असा एकच सर्वसाधारण प्रकार त्यामुळे संभवत नाही.

बॅटरी थंड ठेवण्याची पद्धतही विचारात घ्यावी लागते. टोयोटा व लेक्ससच्या अनेक संकरित मोटारींत पंखा प्रवासीकक्षातील हवा ओढून बॅटरीवर सोडतो. या हवेची जाळी बहुधा मागच्या आसनाखाली किंवा आसनाच्या कडेला असते. ती झाकू नये, असा इशारा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला असतो, कारण हवा अडली की बॅटरी तापते आणि तिची कार्यक्षमता घटते. डिकीच्या मर्यादेत राहणाऱ्या अस्तराने ही अडचण सहसा येत नाही. आसने पाडून त्यांवरून पुढे ओढले जाणारे लांब अस्तर, तसेच पाळीव कुत्र्यांसाठीची मोठी आवरणे मात्र पुढच्या बाजूने लोंबून जाळी झाकू शकतात. कुत्र्याचे केस जाळीच्या गाळणीत अडकतात ही निराळीच तक्रार. तेथे अस्तरापेक्षा झाडूच अधिक कामाचा. द्रवाने थंड होणाऱ्या बॅटरीच्या मोटारींत अशी जाळी नसते.

डिकीच्या तळाखाली आणखीही काही गोष्टी असतात. एक्स५ व एक्ससी९० मध्ये १२ व्होल्टची साहाय्यक बॅटरी तेथेच आहे. प्लग-इन मोटारींत चार्जिंग केबल ठेवण्याचा कप्पा, तसेच पंक्चर दुरुस्तीचा संच किंवा स्टेपनी याच भागात सापडते. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असल्यास प्रवासी मोटारींना स्टेपनीतून सूट देणारा बदल भारतात २०२० साली नियमांत करण्यात आला. त्यानंतर या कप्प्याचे महत्त्व वाढले आहे. भर पावसात, घाटाच्या कडेला, सामान उतरवून हे झाकण उघडावे लागते, तेव्हा मधोमध दुमडणाऱ्या अस्तराची सोय कळते. अखंड कडक ट्रे असेल तर ती पूर्ण बाहेर काढून रस्त्यावर ठेवण्यावाचून मार्ग नसतो. केबल रोज काढावी लागत असेल, तर दुमडते अस्तरच घ्यावे.

माप आणि मॉडेल

अस्तराचे माप मोटारीच्या नावावरून ठरवू नये. पिढी, आवृत्ती आणि आसनांच्या रांगा या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. लेक्सस आरएक्स हे याचे बोलके उदाहरण आहे. चौथ्या पिढीतील आरएक्स ४५० एच पाच आसनी असून तिची लांबी ४,८९० मिलिमीटर आहे. तीन रांगांची आरएक्स ४५० एच एल तिच्याहून ११० मिलिमीटर लांब आहे. दोहोंच्या चाकांमधील अंतर सारखेच असल्याने ही वाढ पाठीमागच्या भागात झाली आहे. शिवाय तिसरी रांग उभी व पाडलेली अशा दोन स्थितींत डिकीची खोली बदलते. २०२२ मधील पाचव्या पिढीत एकूण लांबी ४,८९० मिलिमीटरच राहिली. पण चाकांमधील अंतर ६० मिलिमीटरने वाढले आणि मागच्या चाकापलीकडचा भाग तितकाच आखूड झाला. बाहेरून सारख्याच लांबीच्या दिसणाऱ्या दोन मोटारींना त्यामुळे एकच अस्तर चालेल असे गृहीत धरता येत नाही.

अमेरिकी सूचीतील ‘मॉडेल वर्ष’ हे दिनदर्शिकेतील वर्षाच्या पुढे असते. २००५ च्या एप्रिलमध्ये विक्रीस आलेली आरएक्स ४०० एच तेथे २००६ चे मॉडेल म्हणून ओळखली गेली. भारतातील ग्राहकाने नोंदणी प्रमाणपत्रावरील उत्पादनाचा महिना व वर्ष पाहावे आणि ते मोटारीच्या पिढीशी ताडून मगच मागणी नोंदवावी. पिढी बदलण्याच्या सुमारास घेतलेल्या मोटारींबाबत गोंधळ हमखास होतो.

प्रत्यक्ष मोजताना तीन मापे महत्त्वाची असतात: चाकांच्या कमानींमधील सर्वांत अरुंद रुंदी, मागच्या आसनाच्या पाठीपासून दाराच्या उंबऱ्यापर्यंतची लांबी आणि बाजूच्या खोबणींची खोली. आसनाची पाठ कलती करता येत असेल, तर ती जास्तीत जास्त कललेली ठेवून मोजावे. अन्यथा पाठ कलवल्यावर अस्तराची पुढची कड वर उचलली जाते. दार बंद होताना मागची कड रबरी पट्टीवर येत नाही, हेही पाहावे. तेथे अडथळा आला की पावसाचे पाणी आत झिरपते, म्हणजे जे टाळण्यासाठी अस्तर घेतले तेच घडते. एक्स५ चे मागील दार वर व खाली असे दोन भागांत उघडते. तिच्या अस्तराला उंबरा झाकणारी सैल पट्टी असल्यास ती खालच्या भागावर नीट पसरते का, हे तपासावे लागते.

साहित्य

बाजारात रबर, थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर, पॉलिएथिलीन, पीव्हीसी, फेसाळ ईव्हीए व गालिचा असे प्रकार मिळतात. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमर थंडीत ताठरत नाही, त्याला वास कमी असतो आणि साच्यातून त्याच्या कडा नेमक्या उठतात. म्हणून आलिशान मोटारींसाठी त्यालाच अधिक पसंती आहे. रबर टिकाऊ पण जड. कडक पॉलिएथिलीन स्वस्त, मात्र त्यावर सामान घसरते. भारतात ‘सेव्हन डी’ या नावाने विकले जाणारे, कृत्रिम चामड्याचे शिवणकाम केलेले अस्तर दिसायला देखणे असते. त्याच्या टाक्यांच्या छिद्रांतून पाणी खाली उतरते, हा दोष विक्रेता क्वचितच सांगतो. खाली साहाय्यक बॅटरी असलेल्या मोटारीत तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

उभ्या कडेचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. एक मीटर लांब व एक मीटर रुंद तळाला दोन सेंटिमीटर उंचीची कड असेल, तर सपाट जागी त्यात २० लिटर द्रव मावतो. चढावर किंवा वळणावर तो एका बाजूला धावतो आणि प्रत्यक्ष क्षमता बरीच घटते. त्यामुळे चार-पाच सेंटिमीटरची कड अधिक भरवशाची.

मोटारीच्या अंतर्भागातील साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी अमेरिकेत एफएमव्हीएसएस ३०२ हे मानक असून त्यानुसार ज्योत मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. भारतात आयएस १५०६१ हे मानक आहे. बाहेरून घेतलेल्या अस्तरावर अशा मानकाचा उल्लेख असल्यास तो पाहून घ्यावा.

बसवताना

नेमके बसणारे अस्तर स्वतःच्या आकारानेच जागेवर राहते. त्याला चिकटपट्टी किंवा खिळ्यांची गरज पडत नाही. सैल अस्तर सरकू नये म्हणून काही दुकानांत तळाला स्क्रू मारून देण्याची रीत आहे. संकरित मोटारीत ती धोक्याची आहे, कारण तळाखाली बॅटरीचे कवच किंवा उच्च दाबाच्या तारा असू शकतात. या तारांचे वेष्टण नारिंगी रंगाचे असते.

सामान बांधण्याच्या कड्या आणि बालआसनाचा वरचा पट्टा अडकवण्याची जागा अस्तराखाली गाडली जाऊ नये. अचानक ब्रेक लागल्यावर न बांधलेली पेटी गुळगुळीत अस्तरावरून सहज पुढे येते. उच्च दाबाचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काही संकरित मोटारींत डिकीतून काढावा लागतो. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीत तशी रचना आहे. अपघातानंतर बचाव पथकाला तेथपर्यंत पोहोचता यावे, यासाठी ओढताच निघणारे अस्तर इष्ट.

भारतात

लेक्ससने २०१७ साली भारतात विक्री सुरू केली, तेव्हा आरएक्स ४५० एच तिच्या पहिल्या मोटारींपैकी होती. अशा मोटारींची संख्या मर्यादित असल्याने स्थानिक बाजारात तयार साच्याची अस्तरे कमी मिळतात, आणि ग्राहकापुढे कंपनीचे मूळ अस्तर, आयात केलेले किंवा मापाने कापून घेतलेले असे पर्याय उरतात. पायाखालच्या मॅटचा आकार स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे यावर ठरतो. डिकीच्या बाबतीत हा फरक सहसा पडत नसल्याने आयात केलेले अस्तर बहुधा चालते. कोकण व मुंबईच्या दमट हवेत अस्तराखाली ओल धरून गालिच्याला बुरशी येते. पावसाळ्यात ते अधूनमधून उचलून तळ वाळवावा लागतो, आणि येथेही फार घट्ट बसवलेल्या अस्तरापेक्षा सहज निघणारे अस्तर सोयीचे पडते.